अक्काची विळी

माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या बोटांना चिंध्या बांधण्यात गेलं, आणि उरलेलं अर्धं त्या चिंध्या धुण्यात. लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "सुताराचं घर आहे बाई, चुलीला लाकूड कधी उणं पडायचं नाही." ते खरं निघालं. रक्ताचं मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

सोनगीरच्या अलीकडं, सडकेपासून आत, आमचं गाव. घरापुढं निंबाचं झाड आणि त्याखाली आमच्या यांची कामाची जागा. गाडीची चाकं, वखर, पाभर, दाराच्या चौकटी, काय येईल ते. सुतार बसून काम करतो आणि लाकूड पायानं धरतो. पायाच्या अंगठ्याखाली फळी दाबायची आणि वाकस, म्हणजे तासायचं हत्यार, आपल्याच पायाकडं आणत आणत तासायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. मी जामनेरकडची, शेतकऱ्याची पोर. आमच्याकडं कुऱ्हाड चालायची, पण ती लाकडावर, स्वतःच्या पायाच्या दिशेनं नाही.

वाकस निसटला तर हे ओरडायचे नाहीत. नुसतं "अगं ए" म्हणायचे. त्या "अगं ए" वरून मला कळायचं किती लागलंय. बारीक असलं तर दगडीपाला हातावर चोळून रस पिळायचा. त्याहून जास्त असलं तर तेलात हळद गरम करून भरायची. रक्त थांबतच नसलं तर कापूस जाळून त्याची राख दाबून धरायची आणि देवाचं नाव घ्यायचं. हळूहळू गावातले लोकही यायला लागले. कोणाला कापणीत विळा लागला, कोणाचं बोट अडकित्त्यात आलं, की चालले सुताराच्या घरी. मी भाकरी थापत असले तरी उठायचं. हात धुवायचे, बांधायचं, परत हात धुवायचे, परत भाकरी. दवाखाना उघडल्याचं मला आठवत नाही, पण चालवत होते मीच.

आणि आमचे हे त्या लोकांना रागवायचे. जखम बघायचे नाहीत, आधी हत्यार बघायचे. अंगठा पात्यावर आडवा फिरवायचे आणि म्हणायचे, "हे बघ, हे असं बोथट घेऊन कापायला जातोस? बोथटाला जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की ते निसटतं. धारेचं हत्यार कापतं, बोथट हत्यार फाडतं." मग विळा स्वतःच्या दगडावर घासून द्यायचे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

आता घरातली गोष्ट. घरात विळी एकच चालायची, ती अक्काची. अक्का म्हणजे माझी सासू. तिच्या विळीचा पाट सासऱ्यांनी बाभळीचा केलेला, बसून बसून काळा गुळगुळीत झालेला. पातं मधे झिजून चंद्रकोरीएवढं राहिलेलं. माझ्याही माहेराहून विळी आली होती. ती आल्या दिवशी तेल लावून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेली, आणि वर्षामागून वर्षं गेली तरी खाली आली नाही. तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं. पण आमच्याकडं चुलीपुढं कोणीही बसावं, धूर खावा, भाकरी थापाव्यात. विळीवर बसणारी बाई मालकीण. आज वांगी करायची की गवार, किती करायची, पाहुण्याला किती आणि सुनेला किती, हे सगळं विळीवरून ठरतं. मला त्याची हौस नव्हती, देवाशपथ नव्हती. मी आपली चुलीपुढं बरी होते. दमलेल्या माणसाला मालकी नको असते, त्याला बसायला मिळालं तरी पुरे.

मग अक्काचे डोळे जायला लागले. आधी म्हणायची, धूर फार झाला. नंतर म्हणायची, दिवा नीट लावत जा. दिवसाढवळ्या म्हणायची! मोतीबिंदू होता, बाहुलीवर दुधाची साय आल्यासारखा. पण विळी सोडायची नाही. सकाळी उठली की एक पाय पाटावर टाकून बसायची आणि हातानं चाचपून वांग्याची देठं काढायची. तिला लागायचं, पण बारीकच. हे तिच्या विळीची धार कायम ठेवायचे, म्हणून काप सरळ यायचा आणि दोन दिवसांत मिटायचा. मी चिंधी बांधायची आणि ती म्हणायची, "कसाले बांधस व? काही नही झायं." रक्त लागलेली वांगी मी गुपचूप धुऊन घ्यायचे.

यांचा जीव मात्र तुटायचा. आईच्या हाताला रोज नवी चिंधी बघितली की यांना जेवण जायचं नाही. मला म्हणायचे, "तू सांग तिला, आता उठ म्हणावं विळीवरून."

मी म्हटलं, "वा! आई तुमची आणि वाईट मी होऊ? तुम्हीच सांगा."

"मी कसं सांगू? तिला काय वाटेल?"

"मग राहू द्या."

असे आमचे संवाद. महिनोन्महिने हेच. माणूस सागाचा सोट एका हातानं फिरवणारा, पण आईपुढं तोंडातून शब्द फुटायचा नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली होती. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, घर भरून जातं. दोन्ही नणंदा यायच्या होत्या. एका दुपारी अक्का देवळात गेलेली, आणि मला निंबाखालून दगडावर घासल्याचा आवाज आला. आवाज ओळखीचा नव्हता. धार लावताना आवाज सर्र सर्र बारीक येतो. हा खरखरीत होता. जाऊन बघते तर यांच्या मांडीवर अक्काची विळी, आणि हे पात्याची कड दगडावर उभी धरून घासताहेत. धार लावत नव्हते, धार मारत होते.

"अहो, हे काय करताय?"

"हळू बोल. कापणारच नाही तर लागणार कसं? दोन दिवस कापून बघेल, कंटाळेल, आपोआप उठेल. कोणी काही बोलायला नको."

"आणि तुम्हीच लोकांना सांगता ते? बोथट हत्यार फाडतं म्हणून?"

तर काय म्हणाले माहीत आहे? "ते लोकांचं. ही माझी आई आहे." आता याला काय म्हणायचं! जन्मभर धारेवर पोट भरलेला माणूस. पोरटोर सुद्धा सांगेल ते याला त्या दिवशी सुचलं नाही. माया आली की अक्कल जाते, दुसरं काय. मी कपाळाला हात लावला आणि घरात गेले. डोळ्यांत पाणी आलेल्या माणसाशी मी आणखी काय भांडू?

दुसऱ्या दिवशी अक्का विळीवर बसली. हात पात्यावर गेला, आणि थांबला. मी चुलीपुढून बघत होते. तिनं वांगं घेतलं, दाबलं. ते कापलं नाही, चेंगरलं. तिनं जास्त दाबलं. त्या दिवशी भाजी व्हायला उशीर झाला. मी म्हटलं, "अक्का, मी घेऊ का कापायला?" तर म्हणाली, "भाकरी करपी ऱ्हायनी, तिकडं दख." उठायचं नाव नाही. जित्याची खोड, ती अशी जाते होय?

आखाजीच्या दिवशी नणंदा ओसरीत, पोरं झोक्यावर, माझं पुरण चुलीवर. डांगराची, म्हणजे भोपळ्याची, भाजी करायची होती. आता अख्खं डांगर बाई कधी चिरत नाही आमच्यात. पहिला घाव पुरुषाचा लागतो, मग पुढचं बाईनं करायचं. अक्कानं यांना हाक मारली. हे आले, कुऱ्हाडीनं डांगराचे दोन तुकडे केले, आणि त्यातला एक उचलून स्वतःच्या हातानं आईच्या हातात दिला. लहानपणापासून दरवर्षी द्यायचे तसा. बोथटाचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं तेव्हा. माझ्या होतं, पण पुरण खाली लागत होतं आणि मी उलथनं घेऊन तिकडं वळलेली.

डांगराची साल म्हणजे लाकूडच. अक्कानं दोन्ही हातांनी जोर दिला, फोड निसटली आणि डाव्या हाताचं मधलं बोट पात्यावर गेलं. ती ओरडली नाही. "माय व," एवढंच. मी वळले तर डांगर लाल. काप नव्हताच तो. बोट नखापासून मागं फाटलं होतं, कडा विसकटलेल्या. मी इतकी वर्षं बोटं बांधली, पण असं कधी बघितलं नव्हतं. हळद भरली, कापसाची राख दाबली, माझ्या पदराचा काठ फाडून बांधला. हे दारात उभे, पांढरे फटक. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं तोंड.

मोठी नणंद कडाडली, "दादा, विळीला काय झालं होतं? धार बघतोस की नाही कधी?"

हे काही बोलणार तेवढ्यात अक्काच लेकाच्या बाजूनं बोलली. "त्याले काय बोलस? मना आंडोरनी धार शे ती! केस सोडस नही, ते बोट काय सोडाव? मन्हंच ध्यान नव्हतं."

हे मागच्या दारानं निघून गेले. सणाचं पान तसंच राहिलं.

धारेची जखम असती तर मिटली असती. ही मिटेना. बोट टम्म फुगलं, काळं पडायला लागलं, अक्का तापानं फणफणली. माझा दगडीपाला, माझी हळद, सगळं हरलं. शेवटी गाडी जुंपून धुळ्याला दवाखान्यात नेली. तिथं डॉक्टरांनी बोट काढलं. काढलं नसतं तर हात गेला असता, म्हणाले, कदाचित म्हातारीच गेली असती. कंपाउंडरनं जखम बघून विचारलं, "आजी, कशानं एवढं फाटलं? गंजकं पातं होतं का?" तापात डोळे मिटलेली बाई, पण ताडकन बोलली, "गंजकं? सुतारना घरमा? मना आंडोरनी धार शे, भाऊ." बैल धरून हे खिडकीबाहेर उभे होते. त्यांनी ते ऐकलं. परत येताना रस्ताभर हे गाडी हाकत पुढं बघत होते आणि मधून मधून बाहीनं तोंड पुसत होते. मी गाडीत अक्काचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. मला रडू नाही आलं. मला फक्त झोप आली होती, खूप दिवसांची.

अक्का अंथरुणातून उठली तेव्हा पावसाळा लागला होता. विळी मी भिंतीला उभी करून ठेवली होती. माझी माळ्यावरची खाली काढली होती, काय करणार, घर तर चालवायचं होतं. तिनं ते ओळखलं असणार. ती भिंतीला टेकून बसायची, भाजी काय करायची म्हणून विचारलं तर म्हणायची, "काय बी कर." ज्या बाईनं इतकी वर्षं मला वांग्याची फोडसुद्धा करू दिली नाही, ती म्हणते काय बी कर!

एका सकाळी निंबाखालून आवाज आला. सर्र सर्र, बारीक. बराच वेळ. हे घरात आले, हातात अक्काची विळी. केस ठेवला तर तुटेल अशी धार. तिच्यापुढं पाट ठेवला, शेजारी एक वांगं ठेवलं, आणि तिथंच बसून राहिले. अक्कानं चाचपून पातं शोधलं. अंगठा आडवा फिरवला, हे फिरवतात अगदी तसाच. मग पाय पाटावर टाकला.

हे बाहेर गेल्यावर मी विचारलं. राहवेना. "अक्का, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिलाच दिन समजनं माले. चाळीस वरीस बसनू मी तिच्यावर."

"मग बोलला का नाही? बसलात कशाला?"

ती वांगं चिरत होती. उरलेल्या बोटांनी, सावकाश. "त्यानं दिन्हं, मी लिन्हं," म्हणाली. "आंडोरनं दिधेलं परत कसं करू व?" आणि मग माझ्यावरच डाफरली, की तेल तापलं असेल, इथं काय उभी आहेस.

त्यानंतर ती जगली तोवर विळीवरून उठली नाही. बोटं कापायची, मी बांधायची. सरळ काप, दोन दिवसांत मिटायचे. कोणी कोणाला काही म्हटलं नाही. माझी विळी परत माळ्यावर गेली ती गेलीच, कारण अक्कामागून मी बसले ती तिच्याच पाटावर.

आता हेही नाहीत. निंबाखाली माझा मुलगा बसतो, पायाखाली फळी धरतो, आणि घरातून सून पळत जाऊन चिंध्या बांधते. माझ्या डोळ्यांवर साय धरायला लागली आहे. सून हळूच म्हणते, "आत्या, मी घेते कापायला." मी म्हणते भाकरी बघ. रोज सकाळी बसण्याआधी मी पात्यावर अंगठा फिरवते, आणि धार हाताला लागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

काल माझं बोट कापलं. मुलगा धावत आला, बोट हातात धरून बसला, पोरासारखं तोंड केलेलं. अगदी बापाचं तोंड. म्हणाला, "माय, लागनं का?"

मी म्हटलं, "धार चांगली लावलीस रे बाबा. एवढीच ठेव."