म्हाळसेची झोप

देव आहे की नाही, यावर माझे कुणाशी फारसे भांडण कधीच नव्हते. असेलही. पण त्याच्या दारातली छत्रे, चवऱ्या आणि जयजयकार करणारी माणसे पाहिली की आत जाऊन ओळख करून घ्यावी असे वाटत नसे. असा माणूस अनुभव लिहायला बसला, तर वाचणाऱ्याने थोडे सावध असावे. घडले तेवढे मी लिहितो. त्याला काय म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

मी तेव्हा सांगलीत एका शाळेत इतिहास शिकवत होतो. घरामागच्या माळावर हळदीची पेवे होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, रांजणासारखा अरुंद तोंडाचा खड्डा. व्यापारी त्यात हळद साठवतात आणि भाव चढला की उघडतात. उघडल्यावर आतली कोंदट हवा मोकळी होईपर्यंत कुणी खाली उतरत नाही. युद्ध सुरू झाले त्या सुमारास असे एक पेव उघडून ठेवलेले असताना कुठूनशी भटकत आलेली एक मांजरी आत पडली आणि खालून ओरडू लागली. हमाल तोंडाशी जमून हळहळत होते. माझी बायको घरातली भाकरीची टोपली घेऊन गेली आणि तिने ती दोरीला बांधून खाली सोडायला लावली. थोड्या वेळाने ओरडणे थांबले, दोरी जड लागली. टोपली वर आली तेव्हा मांजरी तिच्यात पालखीत बसल्यासारखी बसली होती, मिशांपासून शेपटीपर्यंत पिवळीधमक. खंडोबाच्या भंडाऱ्याचाच रंग. दोघा हमालांनी नकळत हात जोडले. त्यांनीच तिला म्हाळसा म्हटले आणि देवाच्या राणीचे ते नाव तिला कायमचे चिकटले.

मूळची ती पांढरी आहे, हे पुढे हळूहळू कळत गेले. पोटाखालचा पिवळेपणा मात्र शेवटपर्यंत गेला नाही. स्वभावाने ती माझ्यासारखीच होती, म्हणजे कुणाचा मोठेपणा मानत नसे. आमचे हेडमास्तर घरी आले की ती त्यांच्या पगडीत जाऊन बसे. मला तिचा फार आधार वाटत असे.

काही वर्षांनी ती खाईनाशी झाली. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर बैल आणि घोडे बघणारे. त्यांनी तिच्या पोटावरून बोटे फिरवली, गाठ माझ्या हाताला लावून दाखवली आणि म्हणाले, बैल असता तर काहीतरी पाजले असते. आता थोडेच दिवस उरलेत, सांभाळा, एवढाच त्यांचा इलाज.

ती जाणार, याची तयारी माणूस करतो. तयारी करता येईना ती तिच्या झोपेची. ती बसायची, उठायची, कूस बदलायची, कण्हायची, पुन्हा उठायची. माझे धोतर, बायकोची गोधडी, चुलीजवळची ऊब, सगळे करून पाहिले. कुठेच तिला घटकाभर डोळा लागेना. मांडीवर घेतली तर लगेच उतरून जाई आणि कोपऱ्यात उभी राहून आमच्याकडे पाही. ते पाहणे मला सहन होत नसे.

बायकोचे माहेर उंब्रजकडचे, घरचे दैवत पालीचा खंडोबा. एका सकाळी तिने देवापुढे सुपारी ठेवली आणि मला सांगितले की नवस बोलले आहे, येत्या रविवारी म्हाळसेला घेऊन पालीला जायचे. काय बोललीस, म्हणून मी विचारले.

"नवस सांगत न्हाईत. फुटतो," ती म्हणाली.

मी समजायचे ते समजलो. गाठ कशी वाढते आणि ती कुणाचे ऐकत का नाही, हे मी तिला बरेच समजावून सांगितले. मी म्हणालो, ज्या देवाला एवढ्या मेंढरांकडे बघायचे आहे, त्याला एका मांजराकडे बघायला सवड कुठली.

"आवं, तुमचा तास संपला असंल तर जरा टोपली काढून द्या," ती म्हणाली.

टोपली तीच, पेवात सोडलेली. रविवारी तिच्यात म्हाळसेला घेऊन आम्ही निघालो. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते, म्हणून मोटारगाड्यांच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली असे. भट्टीच्या गॅसवर गाडी सपाटीला धावे आणि चढ आला की विचारात पडे. आमच्या गाडीत पुढची दोन बाके एका महाराजांनी व्यापली होती. त्यांच्या अंगावर भगवी रेशमी शाल, गळ्यात माळांचे ओझे, आणि शेजारी वारा घालणारा एक शिष्य. उंब्रजला त्यांच्या स्वागताची मिरवणूक होती, हे त्या शिष्याने गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला सांगितले. वाटेत महाराज बोलले ते एकदाच. "वत्सा, उष्णता देहास होते, आत्म्यास नव्हे." शिष्य जोराने वारा घालू लागला. मी सुखावलो. टिंगल करण्याजोगे काही समोर असले की माझा प्रवास बरा होतो.

पेठच्या पुढे चढावर गाडीने दम टाकला. ड्रायव्हरने सगळ्यांना उतरून ढकलायला सांगितले. बायकोने म्हाळसेला पाणी पाजायला टोपलीवरचे फडके काढले. दोन दिवस धड उभी न राहिलेली ती मांजरी टोपलीतून उतरली, बाकांच्या मधून हळूहळू पुढे गेली, आणि महाराजांच्या मांडीवर चढून रेशमी शालीत तोंड खुपसून पडली.

शिष्याने हात पुढे केला. मीही धावलो. अपमान होणार होता आणि तो नेमका कुणाचा, हे मला ठरवता येत नव्हते. तेवढ्यात तिच्या पोटातून एक घरघर निघाली. आजाराची नव्हे, जुनी, सुखाची. कितीतरी दिवसांत ती आम्ही ऐकली नव्हती. महाराजांनी बोट ओठांवर ठेवले.

"गप रं," ते शिष्याला म्हणाले. "निजलंय न्हवं ते."

त्यांची सगळी संस्कृत भाषा त्या एका वाक्यात उतरून गेली. शिष्य म्हणाला, महाराज, गाडी ढकलायची आहे, आपण उतरला नाहीत तर ती हलायची नाही. त्यांचे वजन पाहता हे खरेच होते.

"तुमी ढकला की. लय जड वाटत असंल तर जपाची पेटी उतरवा."

मग हळू आवाजात माझ्या बायकोला म्हणाले, "आमी जतकडचं, मेंढरंवालं. कोकरू असं मांडीवर निजलं की माझी आय जेवायलाबी उठत नव्हती."

आम्ही गाडी ढकलली. रेशमी उपरणे कमरेला खोचून शिष्यही ढकलत होता. आत महाराज एकटे, पाय न हलवता, घामाने निथळत बसले होते. कऱ्हाडला कुणी त्यांना उसाचा रस आणून दिला. घ्यायला वाकावे लागेल म्हणून त्यांनी तो परत पाठवला. एकदा त्यांच्या पायाला गोळा आला असावा, कारण चेहरा वाकडा झाला. पण मांडी हलली नाही. त्यांची टिंगल करायचे माझे सगळे सामान तयार होते, आणि ते कुठे ठेवावे हे मला कळत नव्हते.

उंब्रज जवळ आले तेव्हा घरघर थांबली. बायकोने तिच्या मानेखाली हात घातला आणि तसाच राहू दिला. ती झोपेतच गेली होती.  महाराजांनी शाल अंगावरून काढली, तिच्याभोवती गुंडाळली आणि आमच्या टोपलीत तिला अलगद ठेवले. बायकोला म्हणाले, "मी घेतू. नदीवर जाऊ."

आणि मग जे झाले ते मी कल्पनेतही रचू शकलो नसतो. महाराज टोपली दोन्ही हातांत धरून उतरले, तोच बाहेर ताशे वाजू लागले. मंडळी छत्र घेऊन पुढे आली. रेशमी शालीत गुंडाळलेली वस्तू महाराज स्वतः वाहत आहेत, म्हणजे त्यांच्या गुरूंच्या पादुकाच, असा साऱ्या गावाने समज करून घेतला. बायाबापड्या टोपलीला हात लावून तो डोळ्यांना लावू लागल्या. फुले पडू लागली. पागोटेवाला एक पुढारी टोपलीपुढे साष्टांग आडवा झाला. शिष्य कासावीस होऊन काही सांगू पाहत होता. महाराजांनी त्याच्याकडे एकदाच पाहिले आणि तो मुकाट्याने टोपलीवर वारा घालू लागला.

आयुष्यभर मी अशा मिरवणुका गच्चीवरून पाहून हसलो होतो. त्या दिवशी मी एकीच्या मागून चालत होतो आणि ताशा थांबू नये असे मला वाटत होते. कुणाचा मोठेपणा न मानणारी माझी म्हाळसा छत्राखालून चालली होती. मला हसू येत होते आणि समोरचे नीट दिसत नव्हते.

तारळी नदीच्या काठाला महाराजांनी मंडळींना लांब थांबवले. जांभळीखाली आम्ही तिला शालीसकट पुरले. बायकोने पालीला न्यायला आणलेला भंडारा मूठभर तिच्यावर उधळला. मांजरी पेवातून आली तशीच पिवळी होऊन गेली. महाराज म्हणाले, "बाई, एवढं निवांत माझ्यापाशी कोन बसलं न्हवतं." मग ते आपल्या मिरवणुकीकडे परत गेले आणि थोड्याच वेळात वत्सा, वत्सा ऐकू येऊ लागले.

मी बायकोला म्हणालो, आता घरी जाऊ. ती पालीच्या वाटेला लागली.

"नवस फेडायचा हाय."

"कसला नवस? ती गेली ना?"

ती थांबली. नवस फळला होता, म्हणून आता सांगायला हरकत नव्हती.

"बरी कर म्हणून मी कवा बोलले? मला काय दिसत न्हवतं व्हय? तिला झोप लागू दे, येवढंच मागितलं हुतं."

मी तिच्या मागून पालीला गेलो. तिने सांगितले तिथे वाकलो, तिने दिला तो भंडारा लावून घेतला.  इतके दिवस तिच्या नवसावर मी शिकवणी देत होतो, आणि मनातल्या मनात जे मिळण्यासारखे नाही तेच मी मागत होतो. तिने ते आधीच सोडून दिले होते आणि जे देता येईल तेवढ्यासाठीच पदर पसरला होता. देणाऱ्याने ते ज्या मांडीवर दिले, ती मी तर कधीच निवडली नसती. तेव्हापासून मी मागतो कमी, आणि येते ते कुणाच्या हातून येते याची चौकशी करत नाही.

सुटी संपवून शाळेत गेलो तर कोटाच्या बाहीवर हळदीचा डाग तसाच होता. हेडमास्तरांनी विचारले, हे काय. मी म्हणालो, देवाला जाऊन आलो. ते मोठ्याने हसले. माझ्या तोंडून असले काही कुणाला खरे वाटणार नाही, हे मला मान्य होते. परटाला तो डाग कधीच काढता आला नाही, आणि मी त्याला काढ असे म्हटलेही नाही.