ओठांवरचं ऐकणाऱ्या इंग्लंडकाकू

इंग्लंडकाकूंना बोलणं ऐकू यायच्या आधी दिसायचं. रस्त्यापलीकडे दोन माणसं बोलत उभी असली की त्या नुसत्या बघून सांगायच्या, "शिफ्ट बदललीय त्याची, म्हणून वैतागलाय." आम्हाला आधी वाटायचं, काकू मनचंच काहीतरी सांगतात. मग एकदा निखिलने, माझ्या नवऱ्याने, त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. काचा वर करून तो गाडीत बसला आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवून म्हणाला, "काकू, संध्याकाळी आमच्याकडे जेवायला या." काकू समोरच्या ड्राइव्हवेवरून ओरडल्या, "येते! पण मीनलला सांग, वांगं नको करू. मागच्या वेळी करपलं होतं!"

ही विद्या त्यांना गिरणीने दिली होती. माहेर इचलकरंजीचं, त्यामुळे मागाचा खडखडाट जन्मापासून कानात. लग्न होऊन त्या गेल्या इंग्लंडमधल्या एका गिरणीगावात. काका तिथे आधीच कामाला होते. दोनेक वर्षांनी काकूही विणकामाच्या खात्यात लागल्या. तिथे यंत्रांचा आवाज इतका, की शेजारी उभ्या बाईचा शब्द कानावर पडायचा नाही. म्हणून तिथल्या बायका ओठ मोठे मोठे हलवून आवाजाशिवाय गप्पा मारायच्या. "मी इंग्रजी आधी डोळ्यांनी शिकले, कानांनी नंतर," असं काकू सांगायच्या. ते इंग्रजी त्यांच्याबरोबर सिडनीला आलं. नऊवार नाही, पण सुती पाचवारी साडी, वर कार्डिगन, पायांत जॉगिंगचे बूट, आणि तोंडात "मॉर्निंग, लव्ह!" असं इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरणीवाल्या बायांचं हेल काढून बोललेलं इंग्रजी. आमच्या क्वेकर्स हिल या उपनगरातले गोरे लोक पहिल्यांदा ऐकताना मागे वळून बघायचे, की बोललं कोण?

काका गेल्यावर त्या मुलाकडे, प्रसादकडे, कायमच्या राहायला आल्या होत्या. आमची गल्ली म्हणजे एक छोटासा क्लोज, पुढे रस्ता बंद. सगळी एकसारखी विटांची घरं, दोन गाड्यांची गॅरेजं. सकाळी गॅरेजचं दार वर जायचं, गाडी निघायची; संध्याकाळी गाडी आत, दार खाली. मी वेस्टमीडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचे, निखिल आयटीत. काकू येण्याआधी आम्ही दोन वर्षं तिथे राहत होतो, पण शेजाऱ्यांच्या गाड्या ओळखीच्या होत्या, चेहरे नव्हते.

काकूंनी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, "इथली घरं लोकांकडे पाठ करून बसलीयत. सगळा जीव मागच्या बॅकयार्डात." त्यांच्या इंग्लंडच्या गल्लीत घरं भिंतीला भिंत लावून होती आणि दार उघडलं की पाय थेट फुटपाथवर. तिथे पहिल्या दिवशी खिडकीतून त्यांनी काय पाहिलं, तर गल्लीतल्या म्हाताऱ्या गोऱ्या बायका गुडघ्यांवर बसून आपापल्या दाराची पायरी घासतायत. "म्हटलं, अगं बाई, ह्या तर आपल्याच!"

सिडनीतही त्या रोज सकाळी बाहेर यायच्या. स्वतःचा ड्राइव्हवे झाडून झाला की त्यांचा झाडू शेजारच्या हद्दीत शिरायचा. प्रसाद अवघडून जायचा. "आई, इथे लोकांना प्रायव्हसी लागते," तो म्हणायचा. "प्रायव्हसी नव्हे रे ती," काकू म्हणायच्या, "एकटेपणा आहे. तुम्ही नाव तेवढं छान ठेवलंय."

शेजारी टेरी नावाचा निवृत्त गृहस्थ राहायचा. त्याला हे मुळीच खपत नव्हतं. एक दिवस तो गाडीत बसून, काचा बंद करून, फोनवर कुणाशी तरी काकूंबद्दल बोलत होता. काय बोलला ते मला काकूंनी कधीच सांगितलं नाही, पण शब्द वाईट असणार. काकू झाडू टेकवून शांतपणे त्याच्या गाडीपाशी गेल्या, काचेवर टकटक केलं, आणि म्हणाल्या, "आय हॅव बीन कॉल्ड वर्स, लव्ह. बाय बेटर." म्हणजे, याहून वाईट शब्द ऐकलेत मी, तेही तुझ्याहून बऱ्या माणसांकडून. टेरीचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला. मी माझ्या दारात हातात किल्ल्या घेऊन नुसती बघत राहिले. इतकी वर्षं लॅबमध्ये, दुकानात, ट्रेनमध्ये असं काही कानावर आलं की मी खाली बघत आले होते. या बाई मात्र जाऊन काच वाजवून आल्या! काही दिवसांनी टेरीने आपल्या झाडाची लिंबं पिशवीत भरून त्यांच्या दाराला अडकवली. काकूंनी लोणचं घालून त्याला बाटली दिली. त्याबद्दल दोघं कधी काही बोलले नाहीत.

पण काकूंपुढे मी कायमची नतमस्तक झाले ती ईराच्या जन्मानंतर.

माझी आई यायची होती. तिकीटही काढलं होतं. ऐनवेळी बाबांची बायपास ठरली आणि तिला येता आलं नाही. निखिलची रजा संपली. मी आणि माझी मुलगी, दिवसभर घरात दोघीच. ईरा रडायची, मी रडायचे. आधी वाटलं, झोप होत नाही म्हणून असेल. मग ईराकडे बघून मला काही वाटेनासंच झालं, आणि त्याची इतकी लाज वाटायची की आईशी व्हिडिओ कॉलवर मी हसून बोलायचे. "सगळं मस्त चाललंय" हे वाक्य मी इतकं सफाईने म्हणायचे की निखिललाही ते खरं वाटायचं.

एका सकाळी मी ईराला घेऊन पुढच्या खिडकीशी उभी होते. ती रडत होती आणि मी पुटपुटत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं, काच बंद होती. काही क्षणांत काकू आमच्या दारात होत्या. बेल नाही, हाक नाही. बाजूचं दार उघडून सरळ आत आल्या. त्यांनी आधी ईराला माझ्या हातातून घेतलं. मग मला खुर्चीत बसवलं.

"काय म्हणत होतीस?"

"काही नाही काकू. गाणं म्हणत होते."

"पोरी, मला नको सांगू. मी गेलेलीच बरी, हिचं चांगलं होईल, असं म्हणत होतीस. दोनदा म्हणालीस."

मला रडूही फुटलं नाही. आपण हे म्हटलं होतं, हे मला त्यांच्या तोंडून ऐकल्यावर कळलं.

त्यांनी "असं बोलू नये" म्हटलं नाही. "बाळाकडे बघ, किती गोड आहे" असंही म्हटलं नाही. चहा केला, माझ्यापुढे ठेवला आणि निखिलला फोन लावायला लावला. तो मीटिंगमध्ये होता. "मीटिंग राहू दे. घरी ये. आत्ता," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. तो येईपर्यंत त्या माझ्या शेजारून हलल्या नाहीत. दुपारी आम्ही तिघं ईराला घेऊन डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण होती, घाईत होती. नव्या आया दमतातच, असं काहीतरी तिने सुरू केलं. काकूंनी तिला मध्येच थांबवलं. "शी'ज नॉट टायर्ड, लव्ह. शी'ज पूअरली. यू पुट युवर पेन डाउन अँड लिसन." पूअरली म्हणजे त्यांच्या गिरणीगावच्या बोलीत आजारी. डॉक्टरने खरंच पेन खाली ठेवलं. मग तिने मला जे प्रश्न विचारले, ते आधी कुणीच विचारले नव्हते. त्याच दिवशी उपचार सुरू झाले.

बरं व्हायला वेळ लागला. त्या दिवसांत काकू रोज यायच्या. एकदा ईराला तेल लावता लावता त्या सहज बोलून गेल्या, "माझं पहिलं बाळ जन्मालाच आलं ते निपचित." त्या पुढे सांगू लागल्या. "काका रात्रपाळीला. मला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मी दार लावून बसले, किती दिवस कुणास ठाऊक. शेजारी ॲनी म्हणून होती, जाडजूड, तोंडाची फटकळ. तोवर माझ्याशी कधी बोललीही नव्हती. ती आली एक दिवस मागच्या दाराने. माझे केस विंचरले. जटा झाल्या होत्या गं. नंतर रोज यायची. आणि एक दिवस तिने माझ्या हातात बादली दिली, ब्रश दिला, आणि मला बाहेर नेऊन पायरीशी बसवलं. सगळी गल्ली पायऱ्या घासत होती. मीपण घासली. प्रत्येक बाई मला नावाने मॉर्निंग म्हणाली. ॲनीने सगळ्यांना माझं नाव पाठ करायला लावलं होतं."

ईराला दुपट्यात गुंडाळून त्यांनी माझ्या मांडीवर दिलं. "मदत हवी का, असं कधी विचारू नये, मीनल. विचारलं की माणूस नको म्हणतो."

मी त्यांना एकदा विचारलं, काचेमागचे मराठी शब्द त्यांनी इतक्या लांबून खरंच वाचले का? "वाचले, की तुझा चेहरा बघून समजले, मलाच नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "पण मी बघत होते, हे नक्की. रोजच बघत होते."

थोडं बरं वाटू लागल्यावर त्यांनी मला घराबाहेर काढलं. त्यांच्या ड्राइव्हवेवर दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या, मध्ये ईराची प्रॅम. दुपारी ऊन उतरलं की आम्ही तिथे बसायचो. पहिल्यांदा थांबली ग्रेस, कोपऱ्यावरची फिलिपिनो नर्स. ती आपली खुर्ची घेऊन आली. मग पलीकडच्या हरप्रीतची सासू, जी आल्यापासून घराबाहेर पडलीच नव्हती. तिला मराठी येत नव्हतं, काकूंना पंजाबी. दोघी हिंदीची वाट लावत तासन् तास बोलायच्या. शेवटी टेरीही आला, "जस्ट फॉर फाइव्ह मिनिट्स, मेट" म्हणत, आणि अंधार पडेपर्यंत बसला. ईरा त्या ड्राइव्हवेवर पहिलं पाऊल टाकायला शिकली, तेव्हा टाळ्या वाजवायला अर्धी गल्ली हजर होती.

काकू देवमाणूस वगैरे नव्हत्या. भोचक होत्या. हरप्रीतच्या घरातलं भांडण त्यांनी रस्त्यावरूनच "बघितलं" आणि दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला चार गोष्टी सुनावल्या. तो महिनाभर बोलत नव्हता. माझ्या हातच्या भाज्यांना त्यांनी शेवटपर्यंत नावं ठेवली. पण त्यांना कुणाची भीती वाटत नव्हती, आणि कुणाच्या दुःखाचीही वाटत नव्हती. ही दुसरी गोष्ट मी तोवर कुणातच पाहिली नव्हती.

ईरा शाळेत जाऊ लागली त्या वर्षी प्रसादची नोकरी ब्रिस्बेनला गेली. त्यांनी तिथल्या स्प्रिंगफील्ड लेक्स या उपनगरात घर घेतलं. निघताना मी रडू लागले तशा काकू रागावल्या. "मी मेले नाहीये अजून!" मी म्हटलं, या वयात पुन्हा सगळं नव्याने करायचं, तुम्हाला जड नाही जात? त्या म्हणाल्या, "इचलकरंजीहून निघाले तेव्हा जड गेलं होतं. एकदाच जातं ते."

नंतर फोन व्हायचे. हळूहळू त्यांना वेळ मिळेनासा झाला. "आत्ता नको गं, उद्या कर, घरात माणसं आहेत," म्हणायच्या. गेल्या हिवाळ्यात प्रसादचाच फोन आला. झोपेतच गेल्या होत्या.

मी ईराला घेऊन ब्रिस्बेनला गेले. प्रसादने अंत्यविधीसाठी लहान हॉल घेतला होता; आईला इथे येऊन जेमतेम वर्ष झालं, ओळखीचं असं कोण येणार, असा त्याचा हिशेब. आम्ही पोचलो तर हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. भिंतीला लागून माणसं उभी होती, दाराबाहेरही होती. मी त्यांच्यातल्या एकालाही ओळखत नव्हते. प्रसाद माझ्या कानाशी म्हणाला, "मीनल, यातली निम्मी माणसं मलाही माहीत नाहीत. आमच्याच गल्लीतली आहेत म्हणे."

दर्शनाची रांग संपत आली तेव्हा एक धिप्पाड गोरा माणूस आत आला. कामावरून तसाच आलेला, अंगात पिवळं-केशरी जॅकेट, बुटांना चिखल. काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. दाराशी थांबून तो पुढच्यांकडे बघत राहिला. मग त्याने बूट काढून बाजूला ठेवले, पुढे आला, आणि इतरांनी केलं तसं वाकून काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ तो उठला नाही. त्याचे खांदे हलू लागले तशी ईराने माझा हात सोडला आणि ती काही न विचारता त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.