झुंबरबाईची संजना बाहेरून बसली

झुंबरबाईच्या तोंडी लागायची हिंमत आमच्या गावात कुणाची नव्हती, आणि नाशिकच्या फुलबाजारात तर नव्हतीच. गिरणाऱ्याकडून येणाऱ्या पहिल्या एस.टी.त ती शेवंतीचं गाठोडं घेऊन चढली की ड्रायव्हरसुद्धा सावरून बसायचा. व्यापाऱ्याने मापात गडबड केली तर त्याच्या सात पिढ्या ती भर बाजारात धुऊन काढायची. पण शाळेतला कुणी मास्तर समोर आला की हीच बाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून अशी खाली मान घालून उभी राहायची, की बघणाऱ्याला राग यावा. मला तर यायचाच. मी तिचा शेजारी, चंदर. माझा मंडप आणि स्पीकरचा धंदा आहे. त्यामुळे गावातली सगळी भाषणं मला ऐकावी लागतात, आणि मास्तर लोकांबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

तिचा नवरा सावळीराम फुलं पिकवायचा आणि ती विकायची. एकच मुलगी, संजना. एका दिवाळीत एस.टी.त कुणीतरी बाप्या झुंबरबाईच्या गाठोड्यावर खुशाल बूड टेकवून बसला. ही तोंडाचा पट्टा सोडणार, तेवढ्यात कंडक्टर आली. तेव्हा बायका नव्यानेच कंडक्टर म्हणून लागायला लागल्या होत्या. त्या पोरीने त्या बाप्याला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली, "उभं राहा काका, फुलं लोकांच्या देवाला जायचीत." झुंबरबाई नाशिक येईपर्यंत गप्प बसली. तिच्या बाजूने दुसरं कुणीतरी भांडलं, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

घरी येऊन तिने जाहीर केलं, "माझी संजना कंडक्टर व्हनार." दुसऱ्याच दिवशी डेपोत जाऊन चौकशी करून आली. दहावी पास पाहिजे, असं तिथल्या माणसाने सांगितलं. झालं. तिथून पुढे त्या बाईला दहावीशिवाय दुसरं काही सुचेना. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला तिचे हार जायला लागले, आणि पैसे विचारले की म्हणायची, "सरसोतीच्या घरचं हाय, ऱ्हाऊ द्या."

संजना काही फार हुशार नव्हती, उगाच कशाला खोटं बोला. गणितात आणि इंग्रजीत कच्ची होती. दसरा-दिवाळीला झेंडू तोडायला घरी थांबायची, तो अभ्यास मागे पडायचा, आणि मागे पडलेलं पुन्हा शिकवायला कुणाला वेळ होता? पण पोरगी चिकाटीची. पाढे म्हणत फुलं ओवायची. जरा कुणी तिच्याजवळ बसलं असतं, तर काठावर का होईना, निघाली असती. हे माझं मत. मी स्वतः दहावी दोन दणक्यात काढलेली आहे, त्यामुळे मला त्यातलं थोडंफार कळतं.

त्याच सुमाराला आमच्या हायस्कूलवर नवे हेडमास्तर आले, देवरे सर. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, आवाज असा की माझ्या स्पीकरची गरज नाही. तेव्हा वरून धोरण आलं होतं, की माध्यमिक शाळांचे निकाल सुधारले पाहिजेत आणि मुलांची गळती थांबली पाहिजे. धोरणात वाईट काहीच नव्हतं. निकाल सुधारायचा म्हणजे पोरांना जास्त शिकवायचं, असं तुमच्या-माझ्यासारख्या अडाण्याला वाटतं. देवरे सर शिकलेले होते. नापास होणारं पोरगं दहावीच्या वर्गात बसलंच नाही, तर नापास कोण होणार, असा त्यांचा हिशेब.

नववीचा निकाल लागायच्या आधी त्यांनी एकेका पालकाला बोलावणं धाडलं. झुंबरबाईलाही आलं. ती नवं लुगडं नेसून गेली आणि परत आली ती अशी फुललेली, की मला वाटलं पोरीचा पहिला नंबर आला. आमच्या ओट्यावर बसून तिने सगळं सांगितलं.

"हेडसरांनी खुर्ची दिली, चंदरभाऊ. मी म्हनलं, मी खालीच बसते. तर म्हने, नाही बाई, तुम्ही पालक. च्या पाजला."

"आणि म्हणाले काय?"

"म्हने संजनाला वर्गात लय दडपन येतं. नववीत नापास झाली तर वर्ष जाईल. त्यापरीस दाखला काढून घ्या आनि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा. घरी बसून निवांत अभ्यास करंल, वर्षपन वाचंल. तुमच्या पोरीचं भलं म्हनून सांगतो, म्हने."

"आणि तुम्ही?"

"अर्ज त्यांनीच लिहून ठिवला होता. मी अंगठा दिला."

मी म्हटलं, "झुंबरबाई, जी पोरगी वर्गात बसून गणितात अडते, ती घरात बसून कशी पास होईल?" तर माझ्यावरच उखडली. "तुम्हाला सरांपेक्षा जास्त कळतं व्हय? मंडपाचे बांबू मोजा तुम्ही." दुसऱ्या दिवशी तिने सरांना निशिगंधाचा हार नेऊन घातला. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहिलेलं होतं, पालकांच्या विनंतीवरून.

जून लागला. सरांनी सांगितलं होतं की फॉर्मचं शाळा बघेल. संजना विचारायला गेली, तर शिपायाने फाटकातच सांगितलं की आता तुझं नाव इथं नाही. मग झुंबरबाईने बाजार सोडून नाशिकच्या शाळा पालथ्या घातल्या आणि कशीबशी मुदतीच्या आत एका केंद्रावर फॉर्म भरला. पोरगी घरी बसली. समोर पुस्तकं आणि शेजारी फुलांची पाटी. घरात बसलेल्या पोरीला दिवसभर शंभर कामं असतात. अडलं तर विचारायचं कुणाला? मला इंग्रजीतलं विचारायची, आणि माझं इंग्रजी म्हणजे हॅलो माइक टेस्टिंग.

मार्चला दोन विषय गेले. ऑक्टोबरला पुन्हा तेच दोन गेले. या दोन्हींच्या मधे, जूनमध्ये, आमच्या हायस्कूलचा निकाल शंभर टक्के लागला आणि वेशीवर बोर्ड चढला. झुंबरबाई बोर्डाखालून जाताना संजनाला म्हणायची, "बघ, सगळी पास झाली. येवढ्या मोठ्या शाळंत तूच येक ढ निघालीस. सर बिचारे भल्याचं सांगत होते, तुझ्याच डोक्यात माती." पोरगी ऐकून घ्यायची. पुढे येवल्याचं स्थळ आलं, पैठणी विणणाऱ्यांचं घर. ढ पोरीला घरात ठेवून काय करायचं, म्हणून लग्न लावून दिलं. कंडक्टरचं नाव पुन्हा त्या घरात निघालं नाही.

शाळेचा निकाल मात्र दरवर्षी शंभर टक्के. शेवटी देवरे सरांचा जाहीर सत्कार ठरला. तालुक्यातले हेडमास्तर बोलावले होते, हे जमतं कसं ते शिकायला. मंडप माझा, हार झुंबरबाईचे. ती स्टेजच्या मागे बसून शेवटचा मोठा हार गुंफत होती आणि मी तिथंच मशीनपाशी होतो. सर बोलायला उठले. सत्काराने माणूस सैल होतो, आणि समोर सगळी आपलीच माणसं.

"मित्रहो, नववी हाच आपला बोर्ड समजा," सर म्हणाले. "दहावीत जे मूल आपल्याला खाली ओढणार, ते नववीतच ओळखा. पालकांशी भांडू नका. मानाने बोलवा, खुर्ची द्या, चहा पाजा, मुलाच्या भल्याचं बोला. दाखल्याचा अर्ज ते आपल्या हाताने देतात. मग ते मूल ना आपल्या नापासांत, ना आपल्या गळतीत." खाली टाळ्या पडल्या.

झुंबरबाईचा हात थांबला. "चंदरभाऊ," ती म्हणाली, "हे काय बोलले ते?"

तुम्हाला सांगतो, मला तिच्यावर राग होता, पण तो त्या वेळी कुठल्या कुठे गेला. मी सगळं उलगडून सांगितलं. तिने मला एकच विचारलं, "म्हंजे आनखीबी पोरं काढली?"

"दरवर्षी काढतात. म्हणून तर शंभर टक्के."

"मंग माझी पोर येकटी ढ नव्हती."

हार तिथंच टाकून ती उठली. मला वाटलं, आता स्टेजवर चढते आणि सरांच्या सात पिढ्या काढते. मी माइक चालू ठेवला होता, देवाशपथ. पण ती मंडपाच्या मागच्या बाजूने सरळ घरी निघून गेली. एवढी जहांबाज बाई, आणि मास्तरासमोर तिची जीभ तेव्हाही उचलली नाही.

सकाळी माझ्या दारात उभी. "येवल्याला चला. मला तिला सांगायचंय." मी टेम्पो काढला. वाटेत ती सारखी तेच बोलत होती, की तिला सांगते, तू ढ नव्हतीस, माझीच अक्कल गहाण पडली होती.

संजना ओसरीवर रहाटावर रेशीम गुंडाळून विणकामाच्या कांड्या भरत होती. बाजूला तिची सासू धोंडाबाई गुंता सोडवत बसली होती. झुंबरबाईने चप्पलसुद्धा काढली नाही. दारातूनच सुरू झाली. खुर्ची, चहा, अंगठा, मार्चची परीक्षा, ऑक्टोबरची परीक्षा, सरांचं भाषण, एकही गोष्ट सोडली नाही. संजनाने दोनदा डोळ्यांनी खुणावलं, पण ही कशाची थांबते?

सगळं झाल्यावर धोंडाबाईने हातातलं रेशीम खाली ठेवलं. "म्हंजे ही दोनदा नापास झालेली हाय? आम्हाला तर ही सांगती, शाळंत हुशार होते, लग्नासाठी शाळा सोडवली. धाकट्या लेकाच्या पोरांचा अभ्यास आम्ही हिच्याकडंच दिलाय."

झुंबरबाई माझ्याकडे बघायला लागली. संजनाने रहाट थांबवला, आम्हाला पाणी दिलं आणि टेम्पोपर्यंत सोडायला आली. रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"आई, सर आम्हाला काढायला बघतात, हे मी तुला अंगठा द्यायच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "सगळ्या वर्गाला माहीत होतं. मला वर्गातच बसू दे म्हणून मी तुझे पाय धरले होते. सरांना नावं ठेवते म्हणून तू मला चुलीपुढच्या लाकडानं मारलंस. आता मला काय सांगायला आलीस?"

आणि ती आत गेली, सासूला तोंड द्यायला.