वाघाटीवाल्या साळवे मॅडम

साळवे मॅडमवर लिहा, असं अनेकांनी सांगितलं. मी टाळत आलो. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर माझी एक दुरुस्तीही सांगावी लागते.

मॅडम पुंडलिकनगरला राहत, शाळेत जीवशास्त्र शिकवत आणि सुट्टीत स्कूटरवरून खुलताबादकडे वाघाटीच्या मागावर जात. वाघाटी म्हणजे घरच्या मांजरीहूनही लहान, तांबूस ठिपक्यांचं रानमांजर. टेकड्या फोडल्या, झुडपं जाळली, तसं ते दिसेनासं झालं. मक्याच्या सोंगणी-कापणीत पिल्लं सापडली की शेतकरी मॅडमना फोन करत. त्या पिल्लं टोपलीत घालून तिथंच ठेवत आणि माणसं हुसकत. “आई येईल. तिच्या वाटेत विड्या ओढत बसू नका.”

“बिबट्याचं पिल्लू नाय ना, मॅडम?” एखादा शेतकरी विचारी.

“तसं असतं तर मी केव्हाच स्कूटर वळवली असती, भाऊ.”

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. एकदा त्यांनी फोनवर बातमी दिली: वाघाटीची पिल्ले सापडली आहेत, कुणी जवळ जाऊ नये. वार्ताहराने ती जशीच्या तशी उतरवून माझ्याकडे दिली. मला वाघाटी ठाऊक होती ती आषाढी द्वादशीला करतात ती रानभाजी. भाजीला कुठली पिल्लं? मी हसत ‘वाघाची पिल्ले’ केलं. कुणाला विचारलं नाही.

सकाळी शेतात जत्रा लोटली. काठ्या, कुत्री, मोबाइल. आई फिरकलीच नाही. पिल्लं मेली.

गावाने मॅडमनाच जबाबदार धरलं. वाघाची आवई उठवणारी बाई म्हणून त्यांना फोन येणं बंद झालं. त्या आमच्या कार्यालयात आल्या. “माझंच चुकलं असेल. फोनवर फार घाईत बोलते मी.”

मी म्हणालो, “होतं असं कधीकधी.”

मग त्या दर रविवारी त्याच गावात जाऊ लागल्या. पारावरचा म्हातारा विचारी, “आज कोन्ता वाघ आनला, मॅडम?”

“आज नुसती मीच आलेय. चहा पाजा.”

असा चहा त्या कितीतरी वर्षं प्यायल्या. शेवटी त्याच गावातून पुन्हा फोन आला. आई पिल्लं उचलून नेईपर्यंत एकाने मक्याचा एक कोपरा न सोंगता ठेवला होता.

त्या आजारी पडल्यावर मी भेटायला गेलो. भाच्याला म्हणाल्या, “हे आमचे पेपरवाले. त्या चुकीनंतर मी फोनवर सावकाश बोलायला शिकले.” मी चहा घेतला, तब्येत विचारली आणि उठलो. थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

मॅडम, तुम्ही स्पष्ट वाघाटीच म्हणाला होतात. शब्द मी बदलला. मला माफ करा.