शेवटच्या खोलीतली पुस्तकं

सोजराबाईंचा भाडेकरूंवर विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवलीही नाही. शिक्रापुरात हायवेलगतच्या रानात त्यांच्या यजमानांनी खोल्या काढल्या आणि कंपन्यांमधले कामगार राहायला आले. त्यातला एक जण पाण्याची मोटार घेऊन पसार झाला. तेव्हापासून दुपारची भांडी उरकली की सोजराबाई चाळीतून एक फेरी मारत. कुणी चोरून विजेची शेगडी लावली असेल, म्हणून मीटरची चकती किती जोरात फिरते ते बघत उभ्या राहत.

दोन हजार एक साली शेवटची खोली म्हस्कू आणि तानुबाईनं घेतली. धनगराची माणसं, कवठे येमाईकडची. मेंढरं केव्हाच विकलेली, मुलगी राहू गावाला दिलेली. म्हस्कू रद्दीच्या गोदामात गठ्ठे चढवायला जाई. माणसं गरीब दिसत होती. पण दोन-तीन महिन्यांत सोजराबाईंच्या लक्षात आलं की शाळा सुटली की चाळीतली पोरं त्या खोलीत शिरतात, आणि बाहेर येतात तेव्हा त्यांच्या हातात पुस्तक असतं.

"काय चाललंय गं?" त्यांनी दारातूनच तानुबाईला विचारलं.

"गोष्टीची पुस्तकं हाईत, मावशी. रद्दीत येत्यात. मालकाला इचारून आणत्यात हे. पोरं नेत्यात, वाचून परत देत्यात."

"पैसं किती घेतीस?"

"पैसं कशाचं?"

इथंच सोजराबाईंना शंका आली. फुकट कोणी काही देत नाही. आधी वाटलं, माल चोरीचा असणार. त्यांनी गोदामात निरोप धाडून चौकशी केली. मालक म्हणाला, फाटकीतुटकी पुस्तकं नेतो, मला सांगून नेतो. मग वाटलं, पोरांना नादी लावून उद्या ही काहीतरी विकायला काढील. साबणाची, पावडरीची साखळी काढून माणसं जोडत फिरणाऱ्या बाया तेव्हा गावात यायच्या.

शेवटी त्यांनी नातीलाच पाठवलं. मोनाली चौथीत होती. "जा, आन् ती काय देती, काय इचारती, सगळं ध्यानात ठिव."

मोनाली परत आली ती एक जुनं पुस्तक घेऊन. त्याचं वरचं पान गेलेलं होतं. आठवडे बाजारात आईपासून चुकलेल्या करडाची गोष्ट होती ती.

"काय इचारलं तिनं?"

"मला कशाचं हसू येतं, आन् कशाची भीती वाटती. मग म्हणाली, हे ने. आन् परत देताना सगळी गोष्ट सांगायची. मधलं काय सोडायचं न्हाई."

"गोष्ट सांगायची? तिच्याच पुस्तकातली तिलाच?"

सोजराबाईंना हे अजिबात पटेना. गोष्टीच्या निमित्तानं बाई पोरांकडून घरातलं काढून घेत असणार. कुणाचा बाप रात्रपाळीला असतो, कुणाच्या घरी कपाटाची किल्ली कुठं असते. पुस्तकात तरी काय आहे ते कळावं, म्हणून त्यांनी मोनालीला ते रोज थोडं थोडं मोठ्यानं वाचायला लावलं. त्या पापड लाटत ऐकत होत्या. करडू बोंबील विकणारीच्या पालाखाली शिरलं तेव्हा त्यांना हसू आलं. ते त्यांनी दाबलं.

पावसाळा संपता संपता पाण्याची टाकी धुवायची होती. सोजराबाईंनी आदल्या दिवशी खडूनं टाकीवर लिहिलं, की उद्या पाणी सुटणार नाही. सगळ्यांनी बादल्या, हंडे, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्या फेरीला निघाल्या, तर तानुबाई कोरडी घागर घेऊन नळापाशी उभी.

"काल लिव्हलं हुतं की टाकीवर. वाचलं न्हाईस?"

तानुबाई घागर घेऊन तशीच खोलीकडं वळली. टाकी तिच्या दारासमोरच होती.

सोजराबाई घरी आल्या, पण त्यांना चैन पडेना. संध्याकाळी त्या तडक शेवटच्या खोलीत गेल्या. "तुला वाचायला येत न्हाई," त्या म्हणाल्या.

"न्हाई येत, मावशी."

"मग कुणाला कंचं पुस्तक द्यायचं, ते तुला कसं कळतं?"

"पोरंच सांगत्यात की. एकानं येऊन गोष्ट सांगितली, की ती कुणाला आवडंल ते मला उमजतं. त्याला देते." तिनं लुगड्याच्या पदरानं हात पुसले. "मी लहानपणी बापाच्या मेंढरामागं हिंडले. शाळा बघितली ती वाटंनं जाताना. हितं आल्यावर शेजारचा पोरगा दारात बसून ह्यांनी रद्दीतनं आणलेलं एक पुस्तक वाचायचा. अर्धं झालं आन् त्याच्या बापाची बदली झाली. पुढं काय झालं म्हणून मला लई दिवस झोप लागंना. ते पुस्तक मी दुसऱ्या पोराला दिलं आन् त्याच्याकडनं ऐकलं. तवापासनं लागलं हे."

सोजराबाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. म्हणजे बाईला काहीतरी हवं होतंच. आपला संशय खरा ठरला, याचं त्यांना समाधान वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी नळावर त्या बोलून गेल्या, "अक्षरओळख न्हाई, आन् निघाली पोरांना पुस्तकं सुचवायला." बायकांनी एकमेकींकडं बघितलं. कुणी म्हणालं, मग पोरांच्या हातात काय पडतंय, कुणाला ठाऊक? कुणी म्हणालं, बरं झालं कळलं. आठवड्याभरात पोरं यायची थांबली. तानुबाई दार लोटून आत बसू लागली. कुणाला तिनं जाब विचारला नाही.

मोनालीनं मात्र आजीशी बोलणं टाकलं. आजीचं नळावरचं बोलणं कळल्यावर करडाचं पुस्तक तिनं लाजेनं अर्ध्यातच परत देऊन टाकलं होतं. संध्याकाळी भारनियमनात टीव्ही बंद पडायचा. एकदा अंधारात सोजराबाईंनी विचारलं, "त्या करडाला आई घावली का गं?"

"मला न्हाई माहीत," मोनाली म्हणाली. "तुझ्यामुळं."

सोजराबाई दोन दिवस फेरीला गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या शेवटच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या.

"ते करडाचं पुस्तक काढ."

तानुबाईनं पत्र्याच्या पेटीतून काढून दिलं. "शेवट मला बी ठावं न्हाई, मावशी. कुणी सांगायला आलंच न्हाई."

सोजराबाईंनी आधी पानं चाळून बघितली, कुणी फाडलं तर नाही ना. शाळा त्यांची चौथीपर्यंत झाली होती, तीही कितीतरी वर्षांमागं. ओळीवर बोट ठेवून, जोडाक्षराला अडखळत त्या वाचू लागल्या. तानुबाई भिंतीला टेकून बसली. करडाची आई जनावरांच्या बाजारात विकायला बांधलेली असते, हे आलं तेव्हा दोघी थांबल्या. मग सोजराबाई पुढं वाचू लागल्या.

मालकीणच उंबऱ्यावर बसलेली दिसली, तशा बायका विचारू लागल्या. नळावर आपण जे बोललो ते चुकलं, असं सोजराबाई कधीच म्हणाल्या नाहीत. "मी बघितलीत पुस्तकं, वंगाळ न्हाईत," एवढंच म्हणाल्या. पोरं परत आली, मागोमाग त्यांच्या आयाही. दौंडकडची एक बाई म्हणाली, "आमचा दत्ता टीव्हीपुढनं हलत न्हाई." तानुबाईनं विचारलं, "टीव्हीत कोण पडलं, आपटलं की हसतो का?" आणि विहिरीत पडलेल्या सावकाराचं पुस्तक त्याच्यासाठी दिलं. सोजराबाईंनी ते आधी तपासलं.

"मोनाली तुला अक्षरं शिकवील," एकदा त्या म्हणाल्या.

"नगं. मला वाचता यायला लागलं, तर पोरं कशाला सांगत बसतील?"

यात काही डाव आहे का, याचा सोजराबाईंनी बराच विचार केला.

दोन हजार चार साली गोदाम बंद पडलं. म्हस्कूला राहूत जावयाच्या ओळखीनं काम मिळालं. टेम्पोत पेटी चढली तेव्हा सोजराबाई म्हणाल्या, "सगळीच नेतीस?"

"तिथं बी पोरं हाईत, मावशी."

सोजराबाईंना राग आला. त्या निरोप द्यायला थांबल्या नाहीत, खोली तपासायला आत गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात राहूला एका नात्यातल्या लग्नाचं निमित्त काढून त्या मोनालीला घेऊन एसटीनं गेल्या. अक्षता पडल्या आणि जेवायच्या आधीच त्या तानुबाईचं घर विचारत निघाल्या. ओट्यावर पोरं होती. तानुबाईनं चहा ठेवला, मोनालीची उंची न्याहाळली आणि विचारलं, "आता कशाची भीती वाटती?"

मोनाली लाजली. तिनं तानुबाईच्या कानात काहीतरी सांगितलं. तानुबाईनं मान हलवली आणि आतून एक जाड पुस्तक आणून दिलं.

परतीच्या गाडीत सोजराबाईंनी ते पुस्तक मांडीवर घेतलं, पाठपोट फिरवून बघितलं.

"कानात काय सांगितलंस तिच्या?"

"न्हाई सांगणार," मोनाली म्हणाली.

सोजराबाईंनी पुस्तक उघडलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.