समाधीपुढची हजेरी

आधीच सांगते, मी यातली नाही. आमच्या घरात भुताखेताचं नाव काढलेलं चालत नाही. पाढ्यांच्या आधी बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेणारा माझा बाप... त्यात मी सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे समोर दिसतं त्यावर पटकन विश्वास न ठेवणं हेच माझं काम. तरी लिहितेय, कारण चार महिने झाले, डोक्यातून जात नाही.

पुंडलिकनगरला दुसऱ्या मजल्यावर मी आणि पप्पा, दोघंच राहतो. पप्पा फौजेतून निवृत्त झालेले, आता सदुसष्ट वर्षांचे. मे महिन्यातला रविवार, दुपारचे तीन. कूलर लावून मी गेम खेळत बसले होते. पस्तिशीची बाई गेम खेळते म्हणून नातेवाईक टोमणे मारतात, मारू देत.

गेम अंतराळातल्या युद्धाचा आहे, जगभरचे लोक एकत्र खेळतात. त्यात एका ओसाड ग्रहावर काळ्या दगडाची भली मोठी समाधी आहे, लढाईत पडलेल्या सैनिकांची. लढाई संपली की खेळाडू तिथं जातात, बंदूक उलटी करून नळी बुटावर टेकवतात, मान खाली घालून मिनिटभर उभे राहतात. त्याचे पॉइंट्स-बिइंट्स काही मिळत नाहीत, तरी लोक करतात. ज्याचा माइक चालू असेल त्याचा आवाज आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जातो.

त्या दिवशी आम्ही सहा जण उभे होतो, बाकीचे पाचही अनोळखी. पप्पा पाणी प्यायला उठले होते, ते माझ्या खुर्चीमागं थांबले.

"हे तर शोक शस्त्र हाय, फौजेत शहिदाला मानवंदना देतात ते," ते म्हणाले. "यांना कुणी शिकवलं?"

ही मेलेल्या सैनिकांची समाधी, खेळातलीच, असं मी सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी तांब्या टेबलावर ठेवला, बनियन-पायजम्यावरच सावधानमध्ये उभे राहिले आणि खणखणीत आवाजात तीन नावं पुकारली. प्रत्येक नावानंतर थोडं थांबले. तिसरं नाव होतं लक्ष्मण. मग तांब्या उचलून आत गेले.

मी मागोमाग गेले. खूप खोदून विचारल्यावर बोलले. लक्ष्मणकाका पिशोर गावचे, पप्पांच्याच तुकडीत. बर्फातल्या चौकीवर पप्पांना ताप होता म्हणून त्यांच्या जागी लक्ष्मणकाका गस्तीला गेले. तिघं गेले आणि वरून बर्फ घसरला. संध्याकाळच्या हजेरीची यादी पप्पांच्या हातात होती. त्यांनी ती तीन नावं गाळली.

"पुकारलं असतं आन् कुणी बोललंच नसतं, तर मला ते झेपलं नसतं," पप्पा म्हणाले.

लक्ष्मणकाका चौथ्या दिवशी सापडले. लगेच गेले असणार, असं डॉक्टर म्हणाले. पप्पांना ते कधी पटलं नाही. बर्फाखाली तो हाका मारत असेल, हे त्यांच्या मनातून गेलंच नाही. पिशोर इथून जेमतेम दीड-दोन तासांवर, पण चाळीस वर्षांत पप्पा एकदाही तिकडे फिरकले नाहीत. घरचे विचारतील, त्याला त्रास झाला का... आणि आपल्याकडे उत्तर नाही. माझा एवढा ताठ बाप हे सांगताना भिंतीकडे बघत होता. मला फार वाईट वाटलं.

परत येऊन पाहते तर स्क्रीनवर मेसेज. त्या पाचांतला एक पोलंडचा होता. त्यानं विचारलं होतं की नावं घेणारे म्हातारे कोण, आणि त्यांना उत्तर देणारा दुसरा कोण? मी लिहिलं, दुसरं कुणीच नाही. तो म्हणाला, तिसऱ्या नावानंतर कुणीतरी एक शब्द बोललं. त्यानं ऐकला तसा तो शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला आणि अर्थ विचारला. शब्द होता – हाजिर.

त्या पाचांतल्याच मनिलाच्या एका मुलीनंही न विचारता तेच लिहिलं.

आता टेस्टर म्हणून सांगते. माझ्या हेडफोनचा माइक महिनाभर बंद होता. लॅपटॉपचा स्वतःचा माइक चालू राहिला असेल आणि पप्पांचा आवाज त्यातून गेला असेल, हे मान्य. पण घरात आम्ही दोघंच, आणि उत्तर ना मी ऐकलं ना पप्पांनी. कुणी चेष्टा केली म्हणावं, तर बाकीच्या तिघांतही आपल्याकडचं कुणी नव्हतं. मी विचारून खात्री केली.

दोन दिवस मी पप्पांना हे सांगितलं नाही. भीती ते चिडतील याची नव्हती, विश्वास ठेवतील याची होती. तिसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला राहवलं नाही, सांगून टाकलं. ते चिडले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. एवढंच विचारलं, "आवाज कापत व्हता का? गारठल्यावानी?"

मला काय माहीत! पोलंडवाल्याला मेसेज टाकला, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मी ते पप्पांना मराठीत वाचून दाखवलं. आवाज तरुण होता, मोठा आणि स्वच्छ, रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा. अजिबात कापत नव्हता.

पप्पा "व्हय" म्हणाले आणि तोंड धुवायला उठले. मोरीचा नळ बराच वेळ चालू होता.

मागच्या आठवड्यात आम्ही पिशोरला जाऊन आलो. लक्ष्मणकाकांचे आईवडील कधीच गेले, बहीण आहे, साठीची. तिनं आम्हाला जेवू घातलं, आणि निघताना दारात पप्पांना नेमकं तेच विचारलं, "दादा, त्याला लई तरास झाला का हो?"

"नाय बाई," पप्पा म्हणाले. "नाय झाला."

ती पदर तोंडाला लावून रडली, आणि पप्पाही रडले.

तो आवाज कुणाचा, कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. सगळ्या सेटिंग्ज पुन्हा पुन्हा तपासल्या, हाती काही लागलं नाही. पप्पा त्या बाईशी खोटं बोलले नाहीत, एवढं मात्र मी सांगू शकते.