जाणाऱ्याला 'कुठे' विचारू नये

लंडनच्या पश्चिमेला, ईलिंगच्या पलीकडच्या त्या छोट्या स्टेशनावर वेद कामाला लागला, तेव्हा त्याच्या आईने अख्ख्या महाराष्ट्र मंडळात पेढे वाटले. पोरगा इथेच जन्मला, इथेच वाढला. मराठी समजायचं सगळं, पण बोलायला तोंड उघडलं की पंचाईत. 'ट्रेन आली'ला 'ट्रेन आला' म्हणायचा. लोक हसायचे आणि त्याला ते फार लागायचं.

काम तसं सोपं. व्हीलचेअरवरचा प्रवासी आला की डब्याला रॅम्प लावायचा, आणि तो जिथे उतरणार त्या स्टेशनला फोन करायचा, म्हणजे तिथलं माणूस रॅम्प घेऊन उभं राहतं. फोन चुकला तर प्रवासी डब्यातच अडकतो.

नागपूरच्या मधुमतीआजी दर गुरुवारी व्हीलचेअरवरून यायच्या आणि दोन स्टेशनं पुढे भजनाला जायच्या. इंग्रजी जेमतेम. वेदचं मराठी ऐकून त्याही हसायच्या, मायेने. "येते हं, बाळा," म्हणायच्या आणि संध्याकाळी खरोखरच परत यायच्या.

त्या गुरुवारी मात्र आजींच्या मांडीवर भली मोठी बॅग होती. वेदशेजारी त्याची नवी मॅनेजर सारा उभी होती. आजींनी त्याच्या गालावरून हात फिरवला, डोळे पुसले. "येते हं. सुखी राहा."

बॅग दिसली, डोळेही दिसले. कुठे निघालात, एवढंच विचारायचं होतं. पगार त्याचाच तर मिळत होता. पण साराच्या देखत आपण मोडकंतोडकं बोलणार आणि आजी हसणार, या विचारानेच त्याचे कान तापले. मग नेमकी आईची शिकवण आठवली: जाणाऱ्याला 'कुठे' विचारू नये, काम होत नाही. पळवाट हवी असली की माणसाला शास्त्र बरोबर आठवतं! "ओके आजी, लवकर ये," म्हणून त्याने आजींना डब्यात चढवलं, रॅम्प काढला आणि भजनाच्या स्टेशनला फोन केला.

थोड्या वेळाने तिथून उलट फोन आला. आजी उतरल्याच नव्हत्या.

"वेअर वॉज शी गोइंग?" साराने विचारलं.

वेदने ते विचारलंच नव्हतं.

गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन उलटी फिरली आणि वेदच्या स्टेशनावर परत आली. दार उघडलं तर आजी तिथेच, बॅग तशीच मांडीवर, फोन कानाला. "नाही रे सुश्रुत, त्या पोराला काही बोलू नकोस. मीच सांगायला विसरले. तू थांब तिथेच. गाडी चुकली तर चुकली, पुढची मिळेल."

सुश्रुत म्हणजे आजींचा मुलगा. तो बिचारा तिकडे वाटेतल्या लंडनच्या मोठ्या स्टेशनात आईची वाट बघत उभा होता.

वेदने रॅम्प लावला. आजीच म्हणाल्या, "अरे, येते म्हटलं होतं ना मी? आले बघ."

आणि हसल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं, त्या हसण्याने तो शरमेने अर्धमेला झाला. आजींना खाली उतरवून तो त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. सारा मागेच उभी होती, प्लॅटफॉर्मवरची माणसं बघत होती. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आजी, तू कुठे जातो?"

या वेळी आजी हसल्या नाहीत.

"कॉव्हेंट्रीला, मुलाकडे, बाळा," त्या म्हणाल्या. "कायमची."